विसावा हिस्सा आणि रिफंड

आमच्या घरात पेन्शन आली की आधी विसावा हिस्सा बाजूला निघतो, मग किराणा. आजोबांनी धम्मदीक्षा घेतली तेव्हापासूनची ही रीत. आबा, म्हणजे माझे वडील, निवृत्त हेडमास्तर. ते काय रीत मोडतात! वर्षाकाठी त्या रकमेचा असोद्याच्या बुद्धविहारात चेक द्यायचा, पावती घ्यायची, फाईलला लावायची. पावतीवर नाव कायम आबांचं. आईच्या मनाला ते लागायचं. "माले बी एक पावती जोयजे, मना नावनी," असं ती अधूनमधून म्हणायची. तिचं माहेर धुळ्याकडचं, मनातलं बोलायला लागली की अहिराणीच सुटते. आबा म्हणायचे, "अगं, घर एकच ना!" झालं, विषय बंद. मला असा राग यायचा!

मी जळगावात बँकेत आहे, म्हणून घरातली सगळी कागदी हमाली माझ्याच गळ्यात. मध्यंतरी विहाराच्या ट्रस्टला करसवलतीचं प्रमाणपत्र मिळालं. मी आबांचं रिटर्न जुन्या करपद्धतीने भरलं, दानाची पावती दाखवली आणि पेन्शनमधून कापलेला थोडा कर परत आला. मी खुशीत पेढे घेऊन घरी गेले, तर आबांचा चेहरा पडलेला.

"म्हणजे मी पूर्ण विसावा दिलाच नाही," ते म्हणाले. "त्यातला काही सरकारने भरला. हा पैसा विहाराचा."

"द्या मग! त्याचीही पावती मिळेल, त्यावरही सूट, पुन्हा रिफंड! जन्मभर हेच करत बसा!"

चिडून बोलले हो मी. पण हेडमास्तरांना गणित घातलं म्हणजे संपलंच. अख्खा रविवार आबा कॅल्क्युलेटर घेऊन बसले. रिफंडचा रिफंड, त्याचा पुन्हा रिफंड. आकडा बारीक होत गेला, पण शून्य काही होईना. जेवायला हाक मारली तर म्हणे, "थांबा, रुपये संपले, आता पैशांवर आलंय!" मी हसून हसून बेजार.

आई ओट्याशी उडदाचं पीठ कुटत होती. पापड करून विकते ती. तिने बत्ता खाली ठेवला आणि पिठाच्या हातानेच बाहेर आली.

"हाऊ पैसा कोना शे, मी सांगस. विसावा हिस्सा तुमना. पन एकोनीस हिस्सामा बठ्ठं घर कोनी चालाडं? मी! हाऊ रिफंड मनी मजुरी शे."

आबांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. मला तर टाळी वाजवावीशी वाटली. शेवटी आबा हळूच म्हणाले, "बरं, मजुरी म्हण. पण मग तिचाही विसावा..."

"देसू ना! पन पावती मना नावनी."

पुढच्या पौर्णिमेला आम्ही तिघं रिक्षाने असोद्याला गेलो. आईने नवी साडी नेसली होती आणि रिक्षाचे पैसे आबांनाच द्यायला लावले. विहाराचे खजिनदार नाना सवयीने आबांचं नाव लिहायला लागले. आईने सरळ पावतीपुस्तकावर हात ठेवला.

"वहिनी, तुम्हाला कर बसतो का?" नानांनी विचारलं. "सूट घ्यायची असेल तर पावती यांच्याच नावाची..."

"कर बसत नही, सूट नको. नाव लिखा."

आणि तिने स्वतःचं नाव सांगितलं, आडनावासकट, खणखणीत. घरात ती आई, शेजारी अक्का, विहारात वहिनी. तिचं नाव तिच्याच तोंडून असं मी कधी ऐकलंच नव्हतं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. नानांनी आधीची पावती रद्द केली आणि नवी लिहिली.

आबांनी ती कौतुकाने वाचली, पुन्हा वाचली आणि खिशाकडे नेऊ लागले. "फाईलला लावतो."

आईने त्यांच्या हातातून ती अलगद काढून घेतली.

"तुमनी फाईल तुमले. ही मनी शे."