श्रीवर्धनला बसून भिजवलेला कांदा

भुताखेताच्या गोष्टी सांगणाऱ्याला मी आयुष्यभर तोंडावर वेडा म्हणत आलो. आजही म्हणतो. त्यामुळं हे लिहिताना माझी मलाच चीड येतेय... पण आता वय झालं, कुठंतरी बोलून टाकायला हवं.

१९३६च्या आसपासची गोष्ट. बारामतीच्या पश्चिमेला, नीरेच्या पाटालगत आमची चार एकर जमीन. मी आणि सरू – माझी बायको – रानातच वस्ती करून राहायचो. थोरला भाऊ तात्या गावातल्या घरी. त्या हिवाळ्यात सरू न्यूमोनियातून उठली आणि डॉक्टर म्हणाले, समुद्राची हवा द्या. आमचा भाजीपाला घेणाऱ्या एका मुसलमान व्यापाऱ्याच्या मेहुण्याची श्रीवर्धनला नारळाची वाडी होती. त्यांनी आग्रहानं खोली दिली. लग्नाला बारा वर्षं झालेली, पण आम्ही दोघंच असे कुठं गेलोच नव्हतो. निघताना तात्याला बजावलं, पाटाच्या पाण्याची पाळी आली की कांदा भिजवायचा. तो व्हय म्हणाला.

पंधरापैकी पहिले बारा दिवस काय सांगू... सरूच्या तोंडावर रंग आला. लाट आली की लुगडं वर धरून मागं पळायची. मी चिडवायचो, डाळजची पोर तू, भीमेच्या वाळूत वाढलेली, पाण्याला कसली भितीस? ती म्हणायची, भीमा एका दिशेनं तरी जाते, ह्याचा काय भरवसा. तीन दिवस उरले तेव्हा मी ठरवलं, आता खोलीत एक मिनिट घालवायचं नाही.

आणि नेमकं तेव्हाच हिचं बिनसलं. दुपारी जेवून किनाऱ्यावर बसलो की ही गप्प. डोळे उघडे, समोर समुद्र, पण बघत नव्हती. टाचेनं वाळू ओढायची, दाबायची, पुन्हा ओढायची. शेतात दारं धरताना एका वाफ्याचं तोंड बंद करून पुढच्याचं उघडतो ना, अगदी तसं. ऊन कलेपर्यंत हेच. हाक मारली तर नुसतं 'हं'. पहिल्या दिवशी मी हसलो, दुसऱ्या दिवशी वैतागलो. शेवटच्या दिवशी तर हात धरून हलवलंच.

"अगं, पुन्हा कधी येणार हाय आपण हितं? बघ की जरा."

"थांबा," ती म्हणाली, "शेवटचा वाफा ऱ्हायलाय."

मी उठलो आणि एकटाच किनाऱ्यानं लांब चालत गेलो. बारा वर्षांत मिळालेल्या पंधरा दिवसांतले उरलेले तीन, आणि तेही हिनं मातीत घातले.

वस्तीवर पोचलो तर दारात तात्या, फणफणलेला. "चार दिस झालं येऊन, आन भावाला तोंड दाखवाया आज सवड झाली व्हय?"

मी म्हटलं, आत्ता तर उतरतोय, हातातलं बोचकं तरी बघ. त्याला पटेना. पाणी सुटलं त्या दिवशी त्याला हिवताप भरला होता म्हणे. कसाबसा बांधावर आला, तर सरू डोईवर पदर ओढून कांद्यात दारं धरत होती. थोरल्या दिरानं धाकट्या भावजयीशी बोलायची आमच्यात रीत नाही, म्हणून तो तोंड फिरवून माघारी गेला. असं तीन दुपारी. नवरा कुठाय, एवढंही विचारायला हा गडी पुढं झाला नाही! काय म्हणावं असल्या रीतीला?

शेजारची कुणी बाई असेल म्हणत मी कांद्यात शिरलो. शेवटच्या वाफ्यापर्यंत पाणी बसलेलं. आणि प्रत्येक वाफ्याच्या तोंडाशी, वाळत आलेल्या चिखलात, डाव्या पायाचा चार बोटांचा ठसा. सरूच्या डाव्या पायाची करंगळी लहानपणी कुऱ्हाडीनं गेलेली. मी सरूला हाक मारून दाखवलं.

"कांदा भिजला न्हवं? मग झालं," म्हणाली आणि चूल पेटवायला गेली.

मी पाटाचं पाणी सोडणाऱ्या पाटकऱ्याला विचारलं, शेजारच्या चारी वस्त्यांवर विचारलं. तिच्यामागं तर वर्षभर लागलो होतो. "मला काय ठावं," यापलीकडं अक्षर नाही. लोक म्हणाले, पुण्याई आहे बाईची. अरे, मला पुण्याई नको होती, माझे तीन दिवस हवे होते!

पाच वर्षांनी तिची छाती पुन्हा भरली. या खेपेला डॉक्टरांनी कुठं जायला सांगितलं नाही. एका सकाळी मला जवळ बसवून म्हणाली, "अवो, त्या शेवटच्या तीन दिसांत समुद्र कसा व्हता? सांगा की. म्या काय बघितलाच न्हाय."

इतक्या वर्षांचा राग उसळला. म्हटलं, "मग माझ्या शेजारी कोण बसलं होतं?"

ती भिंतीकडं तोंड करून पडली आणि तिसऱ्या दिवशी गेली.

ते काय होतं, हे मला तेव्हा कळलं नाही, आजही कळत नाही. पण ते राहू द्या. शेवटच्या दिवशी ओहोटीनं पाणी पार लांब गेलं होतं, ओल्या वाळूत सगळं आभाळ उतरलं होतं आणि त्यात मी एकटाच चालत होतो... एवढंच तर सांगायचं होतं तिला.