तिसरा थांबा

तिला सगळे कडकबाई म्हणत. ते स्वभावावरून नव्हे, इस्त्रीवरून, असे निदान तिच्या तोंडावर तरी सांगत. रस्त्याला लागून असलेल्या पुढच्या खोलीत तिचे इस्त्रीचे दुकान होते आणि मागच्या खोलीत संसार. आधी कॉलर, मग खांदे, मग बाह्या आणि शेवटी अंग, हा क्रम तिने कधी मोडला नाही. कोणी घाईघाईने येऊन "नुसती वरवर फिरवून द्या" म्हणाले, की ती कपडे त्याच्याच हातात परत देई आणि म्हणे, "वरवर काय ती तुम्हीच फिरवा, घरी."

अशा बाईला नवरा कोण मिळावा, तर रंगारी. देवाला कधी कधी थट्टेची लहर येते ती अशी. तो संध्याकाळी घरी येई तेव्हा कानाच्या पाळीपासून बुटाच्या नाडीपर्यंत कुठे ना कुठे रंग माखलेला असेच. शर्टांचे तर विचारूच नका. उभ्या आयुष्यात त्याने एकच शर्ट स्वच्छ राखला. पांढरा, पूर्ण बाह्यांचा. तो वर्षातून एकदाच अंगावर चढे, पवित्र साक्रामेंताच्या मिरवणुकीला.

त्या दिवशी संध्याकाळची मिस्सा, म्हणजे चर्चमधली उपासना, झाली की फादर ते सोनेरी किरणांचे उंच पात्र दोन्ही हातांनी उचलून चर्चबाहेर येत. पात्राच्या मधोमध काचेआड पवित्र भाकरीची पांढरी चकती असे; हेच साक्रामेंत, त्यात ख्रिस्त स्वतः असतो अशी श्रद्धा. पुढे क्रूस, मग घंटा, मग धूप, आणि फादरांच्या डोक्यावर चार काठ्यांनी तोललेले रेशमी छत. मागे सगळा धर्मग्राम, म्हणजे त्या चर्चची सगळी माणसे, गात गात चाले. एरवी माणसे देवाच्या दारी जातात. त्या एका संध्याकाळी देव माणसांच्या दारांवरून जाई, बेकरी, टायरचे दुकान, उघडी गटारे, सगळे काही बघत. छताची पुढची डावी काठी रंगाऱ्याची आणि पुढची उजवी बेकरीवाल्याची. "आम्ही दोघं देवाचे छत्रीवाले," असे रंगारी सांगत फिरे.

वाटेत मिरवणूक तीनदा थांबे. एकदा शाळेच्या फाटकाशी, एकदा दवाखान्याशी आणि तिसऱ्यांदा या इस्त्रीच्या दुकानापुढे. तिथे टेबल मांडलेले असे, त्यावर पात्र टेकवून फादर सगळ्यांना आशीर्वाद देत. शाळा आणि दवाखान्याचे समजण्यासारखे आहे, पण इस्त्रीच्या दुकानाचे काय? तर रंगाऱ्याची आई अंथरुणाला खिळली होती, तेव्हा फादर म्हणाले होते, "त्यांना येता येत नाही ना? मग आपण जाऊ." म्हातारी दाराशी खाट ओढवून घेई आणि पडल्या पडल्या हात जोडे. पुढे ती गेली, तरी थांबा तसाच राहिला. नवा कोणीतरी म्हणाला होता की आता इथे कशाला थांबायचे. त्यावर रंगारी हसून म्हणाला, "राहू द्या की. घरात अजून दोघं आहोत. कोणाची तरी पाळी येईलच."

तो गेला तो कामावर. शिडीवरून पडला वगैरे काही नाही. डबा खाल्ला आणि भिंतीला टेकून बसला. भिंतीचा रंग ओला होता. रंगारी कधी ओल्या भिंतीला टेकत नाही, त्यावरूनच त्याच्या कामावरच्या जोडीदाराच्या लक्षात आले. पुरताना त्याला लग्नातला सूट घातला, बटणे कशीबशी लागली. पांढरा शर्ट कपाटातच राहिला.

कडकबाई रडली नाही. आलेल्यांना खुर्च्या दिल्या, गेलेल्यांचे कप विसळले आणि आठवडा उलटायच्या आत दुकान उघडले. लोकांनी आधी तिच्या धीराचे कौतुक केले, मग हळूहळू नाके मुरडली. पण धीर कसला? तिला काही वाटतच नव्हते. जेवणाला चव नव्हती आणि ते बेचवही नव्हते. इस्त्रीचा चटका बसला तरी हात मागे घ्यायला तिला उशीर होई. शेजारच्या गल्लीत राहणारी तिची नणंद रोज डबा घेऊन येई आणि रोज तेच म्हणे, "वहिनी, एकदा रड गं. मोकळी हो."

"येत नाही रडू, ताई. काय करू, कांदा चिरू?"

चर्चलाही तिचे जाणे बंद झाले. रुसवा नव्हता. पायऱ्यांपर्यंत जाई आणि पाय उचलतच नसत. मग ती तशीच परत येई, जणू काही वस्तू विसरली होती.

मिरवणूक जवळ आली तसे फादर स्वतः दुकानात आले. म्हातारे होते, मनगटाला कायम पट्टा बांधलेला. त्यांनी तोंड उघडायच्या आत ती म्हणाली, "या वर्षी टेबल मांडणार नाही, फादर."

फादरांनी कारण विचारले नाही. "बरं बाई," ते म्हणाले. "मग तिसरा थांबा कोपऱ्यावर घेऊ, औषधाच्या दुकानाशी."

नणंदेला हे कळले तेव्हा ती भडकलीच. "आईच्या वेळेपासूनचा थांबा, आणि तू एका शब्दात मोडलास?"

"त्याची काठी दुसरा कोणी धरणार," कडकबाई म्हणाली. "मला ते बघायचं नाही."

हे खरे होते, पण अर्धेच. उरलेले अर्धे तिने नणंदेला सांगितले नाही. त्या काठीवर परका हात दिसला आणि तरीही आपल्याला काही वाटले नाही तर? मग तो खरोखरच गेला. आतून, मुळापासून गेला. ही एकच भीती तिच्यात जिवंत उरली होती, आणि तिला जपण्यासाठी ती दाराआड बसणार होती.

मिरवणुकीच्या संध्याकाळी तिने शटर अर्ध्यावर ओढले आणि कामाला लागली. गिऱ्हाइकांचे कपडे संपले. हाताला चाळा हवाच, म्हणून तिने कपाट उघडले, आणि हाताने काढला तो नेमका पांढरा शर्ट. दर वर्षी या वेळी तोच निघायचा, हाताला कोण सांगणार? तिने तो टेबलावर पसरला आणि पाणी शिंपडून कॉलरवर इस्त्री फिरवली. मग खांदे, मग बाह्या.

घंटा ऐकू आली. मग गाणे. ती बाहेर न बघता शर्टाची पाठ दाबत राहिली. क्रूस पुढे गेला असेल, घंटा दारावरून गेली, धुपाचा वास आत शिरला. आता छत जाईल, मग माणसे, मग संपले.

पण गाणे दारातच अडखळले. पावले थांबली. कोणीतरी "अरे अरे" म्हणाले आणि कोणी कोणाला तरी धडकले.

तिने इस्त्री फळीवर उभी केली आणि शटर वर ढकलले.

घडले होते ते असे. बेकरीवाला आणि मागचे दोघे काठीवाले इतकी वर्षे या दाराशी थांबत आले होते, की त्यांचे पाय आपोआप थांबले. डोक्यात कोपरा, पण पायांत कडकबाईचे दार. रंगाऱ्याच्या जागी बेकरीच्या माडीवरचा नवा भाडेकरू होता. त्याला या दाराचे काय माहीत? तो तसाच पुढे निघाला आणि छत तिरके ओढले गेले. घंटा, क्रूस, वेदीवरचा कपडा घेतलेला सेवक, सगळे केव्हाच औषधाच्या दुकानाशी पोचून मोठ्या ऐटीत वाट बघत उभे होते. आणि ज्याची मिरवणूक, तो इथे इस्त्रीच्या दुकानापुढे अडकला होता.

"चुकलं, वहिनी," बेकरीवाला लाल होऊन म्हणाला. "सवयीनं थांबलो. निघतो लगेच."

तिने त्याच्याकडे पाहिले नाही. ती डाव्या काठीकडे बघत होती. काठीवर परका हात होता, आणि त्या हाताच्या बाहीला इस्त्री नव्हती. एवढेच तिच्या मनात आले, दुसरे काही नाही. जे भय होते, ते समोर उभे होते, आणि तिला काहीही वाटत नव्हते.

मग तिचे लक्ष फादरांच्या हातांकडे गेले. खांद्यावरच्या शेल्याच्या टोकांत हात गुंडाळून त्यांनी पात्र धरले होते आणि ते पात्र थरथरत होते. कोपरा लांब नव्हता, पण त्या मनगटाला लांबच होता.

"बाई," फादर हळूच म्हणाले, "टेकवायला काही आहे का?"

"टेबल आहे," ती म्हणाली. "पण गरम आहे."

"चालेल."

मागच्या गर्दीतून नणंद धावत पुढे आली. दोघींनी टेबल ओढत उंबऱ्याबाहेर काढले. नणंदेने शर्ट उचलायला हात घातला, पण तेवढा वेळच नव्हता. फादरांनी ते जड पात्र टेबलाच्या मधोमध, शर्टाच्या पाठीवर, टेकवले आणि श्वास सोडला. वेदीचा कपडा कोपऱ्यावर होता. इथे शर्टच होता.

सगळे रस्त्यावर गुडघ्यांवर बसले. कडकबाईला बसता येईना. टेबलाचा एक पाय लहान होता. रंगारी त्याखाली पुठ्ठ्याची घडी सरकवायचा, आणि ती घडी आत जमिनीवरच राहिली होती. हात काढला असता तर टेबल डुगडुगले असते. म्हणून ती एकटी उभी राहिली, दोन्ही तळवे टेबलावर दाबून, त्या सोनेरी किरणांपासून वीतभर अंतरावर. गाणे झाले, प्रार्थना झाली. फादरांनी पात्र उचलून हवेत क्रूसाची खूण केली, पुन्हा टेकवले. तिला अजूनही काही वाटत नव्हते. फक्त टेबलाची ऊब तळव्यांना लागत होती, आणि हात काढून घ्यावा असेही वाटत नव्हते.

"येतो, बाई," फादर म्हणाले. छत सरळ झाले, गाणे पुन्हा सुरू झाले आणि मिरवणूक कोपऱ्याकडे गेली.

नणंद मागे थांबली. दोघींनी टेबल आत घेतले. कडकबाईने वाकून पुठ्ठ्याची घडी पायाखाली सरकवली. ती उभी राहिली तेव्हा नणंद शर्टाकडे बघत होती. ओलसर गरम कापडावर पात्राच्या बैठकीचा वळ उठला होता, गोल आणि खोल.

"वळ पडलाय बघ," नणंद म्हणाली आणि तिने इस्त्री उचलली. "थांब, मी फिरवते."

"हात लावू नकोस!"

आवाज इतका मोठा निघाला की दोघी दचकल्या. कित्येक महिन्यांत ती कोणावर ओरडली नव्हती, ओले कपडे आणून टाकणाऱ्यांवरसुद्धा नाही. नणंदेने इस्त्री जपून खाली ठेवली.

"बरं, नाही लावत. पण वहिनी, सुरकुती तशीच ठेवणार? तू?"

कडकबाईने वळावरून बोट फिरवले, कडेकडेने, पूर्ण गोल.

"तो म्हणायचा ना, कोणाची तरी पाळी येईल," ती म्हणाली. "माझी होती, ताई. मला चर्चला जाता येत नव्हतं."

तिने इस्त्रीचे बटण बंद केले आणि स्टुलावर बसली. शर्ट भिजणार नाही अशा बेताने टेबलावर पलीकडे सरकवला. आणि मग ती रडली.