राखून ठेवलेलं चीज

माझ्या आईला चीज आवडत नाही. पहिल्यांदा चाखलं तेव्हाच तोंड वाकडं करून तिने निकाल दिला होता, "साबण चावल्यासारखा लागता." तरीही गेली सात वर्षं आमच्या फ्रिजच्या बर्फाच्या कप्प्यातून चीज हललेलं नाही.

त्याचं असं झालं. चिंचपोकळीच्या या खोलीत आई आणि मी, दोघीच राहतो. भाऊ माहीमला टॉवरमध्ये. टॅक्सीने अर्धा तास लागत नाही, पण त्याला तेवढंही जमत नाही. सात वर्षांपूर्वी तो मुलीला घेऊन आला. भाची तेव्हा सात वर्षांची. आईने पहाटेपासून खपून घावणे केले होते. पोरीने ताटाकडे बघून विचारलं, "आजी, तुझ्याकडे चीज नाही?"

आई इतकी ओशाळली की विचारू नका. दुसऱ्याच दिवशी मला दादरला पिटाळून तिने चिजाची मोठी वडी आणवली. धुऊन वाळवलेल्या दुधाच्या पिशवीत गुंडाळली आणि सोड्यांच्या डब्याला खेटून बर्फात ठेवली. तीन महिन्यांनी बाहेर काढली तर दगड. वितळल्यावर भुगा झाला, आणि वास सुक्या कोलंबीचा. पोर तोवर आलीच नव्हती, म्हणून इज्जत वाचली.

मग मी फोनवर वाचून शिकले. आधी किसायचं. चमचाभर कॉर्नफ्लॉवर चोळायचं म्हणजे किसाचा गोळा होत नाही. छोट्या पाकिटांत पसरून, हवा दाबून काढून टाकायची. दोन-तीन महिन्यांत संपवायचं. आईला हे लगेच पटलं, कारण नारळाचं ती जन्मभर हेच करत आली आहे, खवून ठेवायचं आणि लागेल तसं काढायचं. पण त्यातच घोटाळा झाला. एका रविवारी तिने पोह्यांवर खोबरं म्हणून चीज पेरलं. घास उचलला की तारा निघायला लागल्या. मी हसून लोटपोट. आई मात्र रडकुंडीला आली. पोह्यांसाठी नव्हे, नातीसाठी. "चेडवाचा संपला गो," म्हणाली, आणि भर दुपारी मला नवीन आणायला पाठवलं. तेव्हापासून पाकिटांवर पट्टी चिकटवून मी तारीख घालते.

आमच्या घरात प्रेम बोलून दाखवायची पद्धत नाही. राखून ठेवायची आहे. लहानपणी सुरमईचा मधला तुकडा भावासाठी राखलेला असायचा, मला शेपटीकडचा. आता तो घरात नाही, तर बर्फाचा कप्पा त्याच्या लेकीच्या नावाने राखलेला. जुनी झालेली पाकिटं आम्ही दोघी चपातीवर घालून संपवायचो. आई नाक मुरडत गिळायची, आणि संपलं की मी नवीन किसायला बसायची. कष्टाचं चीज होतं म्हणतात. आमच्या घरी चिजाचेच कष्ट झाले.

मागच्या भाऊबीजेला शेवटी दोघं आली. भाची आता चौदा वर्षांची. मी तव्यावर ब्रेडपिझ्झा केला, कीस हात सैल सोडून घातला. आई स्टुलावर बसून पोरीच्या तोंडाकडे बघत होती. पोर अवघडून म्हणाली, "सॉरी आत्या, मी दुधाचं सगळं सोडलंय. पिंपल्स येतात." तिचा काय दोष? तिला कुणी सांगितलंच नव्हतं. 

तेवढ्यात भावाने बर्फासाठी फ्रिज उघडला. "बापरे! एवढं चीज कोण खातं?"

मी तोंड उघडणार, तोच आई म्हणाली, "मीच खातंय. माका आवडता."

"म्हातारपणी चळ लागला तुला," तो हसला. मग माझ्याकडे वळून, "तू तरी सांगायचंस ना! मी आणलं असतं." मला त्याचा संताप आला. त्याहून जास्त तिचा आला. सात वर्षांचं वाट बघणं तिने एका वाक्यात झाकून टाकलं, आणि ब्रेडपिझ्झा त्याच्यासमोर हसत हसत खाल्ला.

परवा आईचा वाढदिवस होता. शिरा करून ती सकाळपासून दाराकडे कान लावून बसली होती. दुपारी बेल वाजली. डिलिव्हरीवाला होता. मोठा खोका, आत बर्फाच्या पिशव्या, आणि पाच-सहा तऱ्हांचं परदेशी चीज. सोबत चिठ्ठी, 'आईच्या आवडीचं!' तो आला नाही. संध्याकाळी फोन केला, तोही दोन मिनिटं.

आईने एकेक वडी हातात घेऊन बघितली. मग म्हणाली, "नीट किसून ठेव गो. झील येतलो तेव्हा लागतला."

मी किसणी घेतली आणि खाली बसले. निम्मं किसून झाल्यावर, इतक्या वर्षांत कधी विचारलं नव्हतं ते माझ्या तोंडून गेलं. "आई, माझ्यासाठी कधी काही राखून ठेवलंस गं?"

तिला प्रश्नच कळला नाही.

"तुका कित्याक?" ती म्हणाली. "तू हयच आसस."