गाडीखाली वाकून कोणी पाहिलं?

आमच्या शोरूममध्ये चूक झाली की ती कोणाची, हे ठरवायला फार वेळ लागत नसे. दाखवायची गाडी मागे घेताना खांबाला घासली, तर दोषी खांब. दुसऱ्या दिवशी त्याला काळे-पिवळे पट्टे मारून शिक्षाही झाली. एका डॉक्टरांनी पांढरी गाडी सांगितली आणि त्यांना रुपेरी गेली, तर डॉक्टरांना म्हणे रंगाचं नीट कळत नव्हतं. एका मास्तरांना दिलेल्या दोन चाव्यांपैकी एक भलत्याच गाडीची निघाली. ती मास्तरांनी बघून घ्यायला नको होती का? इतकी वर्षं मुलांचे पेपर तपासले, एक चावी तपासता आली नाही.

गिऱ्हाइकावर ढकलता आलं नाही, तर चूक मॅनेजरच्या काचेच्या खोलीतून निघायची, एकेक टेबल ओलांडत खाली यायची आणि मागच्या वर्कशॉपमध्ये जाऊन थांबायची. तिथे आमचे चाचा काम करायचे. मुरुडचे. रोज पहिल्या एसटीने येणारे, अठरा वर्षं त्याच जागी असलेले मेकॅनिक. ज्या चुकीपायी त्यांची नोकरी गेली, तिची ही हकीकत. ती चूक कोणाची होती हे मला पक्कं ठाऊक आहे. सांगायला जरा उशीर झाला, एवढंच.

माझं काम गाडी गिऱ्हाइकाच्या हवाली करण्याचं. म्हणजे काय, तर गाडीवर लाल साटिनचं कापड टाकायचं, बॉनेटवर हार, चाकाखाली लिंबू, आणि घरच्या सगळ्यांच्या हातात मिळून एक पुठ्ठ्याची भलीमोठी चावी द्यायची. मग फोटो, पेढा आणि टाळ्या. टाळ्या वाजवायला हिशेब खात्यातल्या मुलींनाही हातातलं काम टाकून यावं लागे. हा सगळा थाट व्हायच्या आधी मला एक तपासणीचा कागद भरायचा असे. चाळीस चौकोन होते त्यावर. दिवे, ब्रेक, काचा, जॅक, स्टेपनी, सगळं स्वतः बघून बरोबरची खूण करायची आणि खाली सही. सुरुवातीला मला त्याला एक तास लागायचा. पुढे हात इतका बसला की कटिंग चहा निवायच्या आत चाळीसच्या चाळीस खुणा होत असत. गाडी त्या वेळी मागे उन्हात उभी असे आणि मी पुढे पंख्याखाली.

त्या कागदावरचा अडतिसावा चौकोन होता तळाच्या लेपाचा. आपल्या किनाऱ्यावर खारा वारा, लोखंडाचा चार पावसाळ्यांत पापड होतो. म्हणून गाडीच्या खालच्या अंगाला डांबरासारखा काळा जाड लेप मारून मिळे. त्याचे पैसे वेगळे. मी तो फार मनापासून विकायचो. "काका, वरून गाडी कितीही पुसा, गंज खालून येतो," असं आवाज खाली आणून सांगायचो. ऐकणारा माणूस घाबरून हो म्हणायचा. लेप मारायचे मात्र एकटे चाचा. दुसऱ्या कोणाला तो हात नव्हता, आणि खरं सांगायचं तर दुसऱ्या कोणाला गाडीखाली पडून तोंडावर डांबर ओघळून घ्यायची हौसही नव्हती.

एका महिनाअखेरीला चाचा माझ्या टेबलापाशी आले. म्हणाले, "बेटा, दोन दिवस मी नाही. भाचीचा निकाह आहे. थळच्या सिस्टरची गाडी लेपाशिवाय सोडू नकोस. मी आलो की आधी तिलाच हात घालतो."

"बिनघोर जा, चाचा," मी म्हणालो. वर निकाहची बिर्याणी डब्यात घालून आणायलाही सांगितलं.

दुसऱ्या दिवशी मॅनेजरसाहेब काचेतून बाहेर आले. हे साहेब नवी मुंबईहून आलेले. त्यांना समुद्र फक्त रविवारी दिसायचा आणि महिन्याचा आकडा रोज. "थळवाली गाडी आज बाहेर पाहिजे. मंथ एंड आहे, समझा करो." त्यांना सांगायला हवं होतं की लेप राहिलाय. नाही सांगितलं. कपाळावर आठी पडेल, चार शब्द ऐकावे लागतील, एवढ्याच भीतीने. मनाशी म्हटलं, देऊन टाकू आज, पुढच्या आठवड्यात बोलावून लेप मारून देऊ. मग चहा घेतला, चाळीस खुणा केल्या, सही ठोकली. चाचांनी परत आल्यावर विचारलं तेव्हा त्यांनाही हेच सांगितलं, आणि पुढच्या आठवड्यात मी ते साफ विसरलो. इतकं सोपं असतं ते.

गाडी घ्यायला बापलेक आले. लेक अलिबागला सरकारी इस्पितळात नर्स. गाडी तिच्या कमाईची, तिच्या नावावर, त्या घरातली पहिलीच चारचाकी. बाप थळचा तांडेल, म्हणजे होडीचा प्रमुख. हयात समुद्रावर गेलेली. त्या दिवसासाठी कडक इस्त्रीचा पांढरा सदरा घालून आला होता. मी कापड ओढलं, टाळ्या झाल्या, लेकीच्या डोळ्यांत पाणी आलं. सगळे समोरून गाडीकडे बघत होते आणि हा बाबा कुठे गेला म्हणून बघतो, तर मागच्या चाकापाशी जमिनीवर आडवा! पांढऱ्या सदऱ्यासकट, मान वाकडी करून गाडीखाली डोकावतोय.

"अहो काका, कपडे खराब होतील," मी म्हणालो.

"होरीचा बूड बघल्याशिवाय आमी पान्यात घालत नाय," तो खालूनच म्हणाला.

"काका, ही होडी नाही," मी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालो. सगळे हसले. मीही माझ्या विनोदावर हसलो. मग त्याचा हात धरून त्याला उठवलं, सदरा झटकला आणि पुठ्ठ्याच्या चावीच्या टोकाला नेऊन उभा केला. त्या फोटोत तो सोडून सगळे हसताना दिसतात.

तीनेक आठवड्यांनी ती गाडी परत आली. ती येण्याआधी तिचा वास आला. मासळी बाजारात जन्म काढलेली माणसंही दोन पावलं मागे सरली असती असा वास. गाडी थांबली तेव्हा खालून निळसर धूर येत होता, आणि पाच मिनिटांत आमच्या आवारातली झाडून सगळी मांजरं गाडीखाली गोळा झाली. लेक लालबुंद झाली होती. इस्पितळाच्या आवारात गाडी लावली की पेशंटचे नातेवाईक विचारायचे, सुकी मासळी कोण भाजतंय? बरोबरच्या सिस्टर आता गाडीत बसायला तयार नव्हत्या. पावसातसुद्धा रिक्षा करत होत्या.

झालं होतं ते असं. तांडेलाच्या मनातून तो तळ काही गेला नव्हता. शोरूममध्ये अर्धवट पाहिलेला. त्याने घरी अंगणात दोन जाड फळ्यांचा उतार केला, पुतण्यांना हाताशी घेतलं आणि गाडी वर चढवून सावकाश खाली शिरला. वेगळे पैसे मोजलेला लेप कुठेच दिसला नाही. मग होडीला वर्षानुवर्षं जे केलं तेच त्याने गाडीला केलं. मुशी माशाच्या तेलात राळ खलवली आणि लेकीच्या गाडीला प्रेमाने दोन हात दिले. लाकडाला ते उत्तम. पण गाडीला खाली सायलेन्सरचा नळ असतो आणि तो तापतो, हे होडीवाल्याला कसं सुचावं? नळावर तेल जळायला लागलं आणि सगळ्या अलिबागला बातमी लागली.

साहेबांना तर पर्वणीच. "कस्टमरने स्वतः केमिकल लावलं. वॉरंटी खल्लास," त्यांनी जाहीर केलं.

"बाबा म्हणतात, खाली तुम्ही काही लावलंच नव्हतं," लेक म्हणाली.

साहेब हसले, त्यांनी माझा कागद मागवला आणि अडतिसावा चौकोन तिच्यापुढे धरला. खूण होती. सही होती. लेकीने तो दोनदा वाचला. सरकारी नोकरीतली बाई, कागदापुढे काय बोलणार?

तांडेल मात्र म्हणाला, "गारी वर घ्या." एवढंच.

चाचांनी गाडी लिफ्टवर घेतली. मागच्या बाजूला, जिथे म्हाताऱ्याचा हात पोचला नव्हता, तिथे कारखान्यातून आलेला नुसता रंग चकाकत होता. लेपाचा ठिपका नाही. सगळ्यांनी पाहिलं. चाचांनी पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. तांडेलानेही माझ्याकडे पाहिलं. "याने हात धरून उठिवला मना," तो लेकीला म्हणाला.

पुढचे दोन दिवस चाचांनी डिझेल आणि चिंध्या घेऊन ते तेल काढलं, एकट्याने. एसटीत त्यांच्या शेजारचा माणूस उठून उभा राहायचा, असं त्यांनीच हसत सांगितलं. मग खरा लेप मारून गाडी फुकटात परत गेली. 'ग्राहकाबद्दलच्या आदरापोटी', असं पत्रात लिहिलं होतं.

आता उरलं होतं चूक कोणाची ते. काचेच्या खोलीत बैठक बसली. स्टोअरवाला म्हणाला, डबा मागितलाच नाही. वर्कशॉपचा सुपरवायझर म्हणाला, जॉबकार्ड आलंच नाही. विक्रीवाले म्हणाले, आम्ही फक्त विकतो. सगळ्यांनी कानांवर हात ठेवून झाल्यावर साहेब म्हणाले, "लेप कोण मारतो? चाचा. तर चाचांनी लिहून द्यायचं की माझ्याकडून राहिलं. बस, मॅटर क्लोज." टाईप केलेला कागद तयारच होता. माझ्या सहीचा कागद मात्र फाइलमधून निघाला नाही; तो निघता, तर गाडी घाईने कोणी सोडायला लावली तेही निघालं असतं.

चाचांनी चष्मा लावून तो पूर्ण वाचला. "मी त्या दिवशी रजेवर होतो, साहेब."

"मग कोणाला सांगून गेला होतात?"

त्या खोलीत मी चाचांच्या शेजारच्या खुर्चीत होतो. दोन हातांचंही अंतर नव्हतं. आमच्याकडे घरोघरी मीठ स्वस्त, त्यामुळे मिठाची गुळणी धरायला मला काही कमी पडलं नाही. मुलगी नुकतीच शाळेत घातली होती, घराचा हप्ता होता, बायकोला दिवस गेले होते. अशी सगळी कारणं मी समोरच्या एसीच्या जाळीकडे बघत मनातल्या मनात मोजली. सगळी खरी होती. चाचांच्या घरीही अशीच खरी कारणं असतील, ती मी मोजली नाहीत.

चाचांनी माझं नाव घेतलं नाही. कागद घडी न घालता परत सरकवला. "जी चूक केली नाही, तिच्यावर सही नाही करत मी."

"तर मग उद्यापासून येऊ नका," साहेब म्हणाले.

चाचा लगेच उठले नाहीत. त्यांनी पाणी मागितलं. शिपायाने ग्लास आणून दिला. एकेक घोट घेत ते पाणी प्यायले, इतकं सावकाश की साहेबांनी दोनदा घड्याळ बघितलं. मला वाटलं, म्हातारा माणूस, धक्का बसलाय, घसा कोरडा पडला असेल. मग त्यांनी ग्लास ठेवला, माझ्या खांद्याला हात लावला आणि गेले.

त्या तिमाहीत मला 'उत्कृष्ट ग्राहक सेवा' असं सर्टिफिकेट मिळालं. चौकटीसकट. टाळ्या वाजवायला हिशेब खात्यातल्या मुली आल्या होत्या. वर्षभराने मी ती नोकरी सोडली. मन खाऊ लागलं म्हणून सोडली असं सांगायला आवडलं असतं, पण दुसरीकडे पगार जास्त होता.

चाचांनी मुरुडला घराच्या पडवीत स्वतःचं गॅरेज टाकलंय, हे मला लवकरच कळलं होतं. चार वर्षं मी त्या रस्त्याने गेलो नाही. पाहुण्यांना जंजिरा बघायचा असला की मला ताप यायचा. मागच्या वर्षी मी जुनी गाडी घेतली आणि पहिल्याच महिन्यात खालचा पत्रा गंजून हातात आला. विकणाऱ्याने तपासणीचा कागद दिला होता. सगळ्या चौकोनांत खुणा होत्या. मी अर्धा तास त्या कागदाकडे बघत बसलो, आणि मग सरळ मुरुडचा रस्ता धरला.

चाचा थकले होते, पण ओळखलं त्यांनी लगेच. गाडी वर घेतली, गंज खरवडला, पत्रा जोडला, लेप मारला. काम झाल्यावर म्हणाले, "ये खाली. बघून घे."

"चाचा, तुम्ही केलंय म्हणजे..."

"बघून घे म्हणतो ना."

मी गाडीखाली जाऊन पाठीवर पडलो. टॉर्च धरून त्यांनी मला एकेक कोपरा दाखवला. तिथेच, चेहरा दिसत नव्हता म्हणून, मला बोलता आलं. "चाचा, त्या दिवशी तुम्ही मला सांगून गेला होतात. मी बोललो नाही."

"हां."

"माझं नाव का नाही घेतलंत?"

"ते मी का घ्यायचं? तू तिथेच बसला होतास."

आम्ही बाहेर आलो. चाची पाण्याचा ग्लास घेऊन आल्या. मला खरोखरच तहान लागली होती, मी एका दमात रिकामा केला. चाचा चिंधीने हात पुसत माझ्याकडे बघत होते.

"त्या दिवशी मी पाणी मागितलं होतं, आठवतं?" त्यांनी विचारलं.

"आठवतं."

"तहान नव्हती मला," ते म्हणाले. "म्हटलं, ग्लास संपेपर्यंत तरी तू बोलशील."