निकामी ठरवलेला उतार

मानोऱ्याकडच्या एका टेकडीचा उभा उतार मी निकामी ठरवला. चूक तिथून सुरू झाली, आणि ती माझीच होती.

लाकडाच्या ठेकेदाराकडे मी मुकादम होतो. तोडीआधी जंगलात फिरून किती गाड्या लाकूड निघेल, हे सांगायचं माझं काम. बुंध्याला कवेत घेऊन घेर अजमावायचा, मान वर करून सरळ सोट पाहायचा, आणि आकडा बोलायचा. गाडीत चढत नाही त्या झाडाला आमच्या लेखी किंमत नव्हती. त्या उतारावर दगडांना धरून वाढलेले वेडेवाकडे धावडे होते, सालई होती. मी ती जागा सोडून पुढं गेलो.

ठेकेदारानं विचारलं, "हे काहून सोडलं?"

"याच्यात काय हाय, शेठ? कोळसा होईन फक्त."

"मंग कोळसाच करू. तू काय त्यायची सोयरीक जमवून राह्यला?"

सगळे हसले. मीही हसलो.

त्र्याहत्तरचा उन्हाळा होता. दुष्काळानं घरं रिकामी केली होती, मजुरी म्हटल्यावर माणसं धावत आली. उताराखाली जिचं शेत होतं, ती बाईही आली. बौद्ध कुटुंब, नवरा-बायकोनं वर्षानुवर्षं दुसऱ्यांकडे राबून तो तुकडा नुकताच घेतला होता. तिनंही कुऱ्हाड चालवली. भट्टीला माल कमी पडला तेव्हा खोडं मुळासकट खणायला मीच सांगितलं.

श्रावणात झड लागली आणि उतार सुटला. चिखल, धोंडे तिच्या हिरव्या ज्वारीवर येऊन बसले. तलाठी पाहणीला आला, गाव जमलं. "हे झालं कसं?" त्यानं विचारलं. ठेकेदाराचं नाव घ्यायची हिंमत नव्हती, स्वतःचं घ्यायची त्याहून नव्हती. मी तिच्याकडे बोट दाखवून म्हणालो, "यायनंच तर तोडलं वरचं. इचारा यायले."

"तोडलं ना, भाऊ," ती म्हणाली. "तोडा कोनं म्हनलं?"

मी तलाठ्याच्या कागदाकडे पाहू लागलो. मागून कुणीतरी बोललं, "बाई, कोळशाची मजुरी घेतली, आता धोंडे फुकट घे."

तो कोळसा एका हंगामात जळून गेला. तिच्या शेतात मात्र दर पावसाळ्यात नवे धोंडे येत राहिले. पेरा निम्म्यावर आला, नवरा हंगामापुरता बाहेरगावी जाऊ लागला. नाल्यावर सरकारी बांध घातला, तोही गाळानं भरला. जे काम ती वाकडी झाडं काही न मागता करत होती, ते आता पैसा ओतूनही होत नव्हतं. लाकडाचा अंदाज सांगण्यात मी हुशार समजला जाई. झाड उभं असताना काय देतं, हे मी कधी मोजलंच नव्हतं.

पण मला झोप लागेना ती अंदाज चुकला म्हणून नव्हे. मी दोष तिच्यावर ढकलला म्हणून.

काही वर्षांनी, एका उन्हाळ्यात, तिच्याकडे गेलो. शेजारणींना घेऊन ती शेताच्या बांधावर धोंडे रचत होती.

"मुकादम, वाट चुकले काय?"

"नाई. तुमच्याकडंच आलो, बाई."

"बोला मंग. हात नाई थांबनार आमचे."

शेजारणी ऐकत होत्या. मला ते बरंच वाटलं.

"तलाठ्यापुढं मी तुमचं नाव घेतलं. तोडा म्हननारा मी व्हतो, मुळ्या खनाले लावनाराही मीच. मी भेलो अन् तुमच्यावर घातलं. माई चूक झाली, बाई. मले माफ करा."