गायला बोलावलं होतं

अमेरिकेत, रेडमंडला आमच्या शेजारी राहणारे जर्मन आजोबा कायम चिडलेले असतात. पानं उडवणाऱ्या मशीनवर, इथल्या मऊ पावावर, माझ्या हळू ड्राइव्ह करण्यावर. त्यांना आता नीट दिसत नाही, म्हणून रविवारी मी त्यांना चर्चला सोडतो.

पाचशे वर्षांपूर्वीच्या जर्मन धर्मसुधारक ल्यूथरचा विषय निघाला की मात्र त्यांचा आवाज खाली येतो. "त्याच्याआधी चर्चमध्ये गायचं ते पाद्र्यांनी, तेही लॅटिनमध्ये. लोकांनी फक्त ऐकायचं. त्याने मोच्यापासून मोलकरणीपर्यंत सगळ्यांना त्यांच्या भाषेत गायला लावलं. आमचा अख्खा देश त्यामुळे गातो!"

गेल्या रविवारी पाऊस होता, म्हणून मीही आत बसलो. स्टेजवर नवा बँड, रंगीत दिवे. लोक हातात कॉफी घेऊन गप्प ऐकत होते. आजोबा ताडकन उठले.

"आपण काय कॉन्सर्टला आलोय?"

बँड थांबला. आजोबांनी ल्यूथरचं एक स्तोत्र जर्मनमध्ये सुरू केलं. आवाज फाटका, पण खणखणीत. प्रत्येक ओळीला दोन्ही हात उचलून ते लोकांना खुणावत होते, गा, तुम्हीही गा. कुणी तोंड उघडलं नाही. बऱ्याच जणांनी फोन काढले. स्तोत्र संपलं तेव्हा सगळे उभे राहून टाळ्या वाजवू लागले.

गाडीत बसल्यावर त्यांनी दार धाडकन ओढून घेतलं. मी समजूत काढायला म्हटलं, "लोकांना फार आवडलं."

"तेच तर!" ते कडाडले. "मी त्यांना गायला बोलावलं, आणि त्यांनी माझाच बँड केला!"