लॅबच्या बाईंची उत्तरे

आमच्या आमगावच्या महाविद्यालयातील लॅबच्या बाईंनी कोणत्याही विद्यार्थ्यासमोर दार लावलेले मी पाहिले नाही. ऑनलाइन वर्गाच्या प्रणालीत प्रत्येक स्वाध्यायाला दोन तारखा असत. एक स्वाध्याय जमा करण्याची. दुसरी अशी, की ती उलटल्यावर यंत्र काहीच स्वीकारत नाही. बाई पहिली भरत आणि दुसरी रिकामी ठेवत. मी शिस्तीचा मुद्दा काढला, तेव्हा म्हणाल्या, "उशीर झाला त यंत्र लाल अक्षरात लिहितेच ना जी. अजून कायले मारता त्याले?"

त्या दवनीवाड्याच्या, धान पिकवणाऱ्या बौद्ध कुटुंबातल्या. सिकलसेल या रक्तविकाराचे दुखणे त्यांना जन्मापासून होते. शाळेचे कितीतरी दिवस अंथरुणावर गेले, हे त्यांनी एकदाच आणि ओझरते सांगितले. साथीच्या काळात वर्ग बंद पडले, तेव्हा प्रयोगशाळेतील एका जुन्या संगणकावर त्यांनी ही प्रणाली उभी केली. मी निवृत्तीनंतरही संस्कृत शिकवण्यास जात होतो. ही वस्तू कोणाकडून आणली, असे मी विचारले. "कोनाचीच नाई हे. जगभरच्या लोकांनी लिहून ठेवली हाय. ज्याले पायजे त्यानं घ्यावी, सुधरवावी, दुसऱ्याले द्यावी." विद्या विकू नये, या संस्कारात मी वाढलो आहे. माझे हात आपोआप जोडले गेले. बाई म्हणाल्या, "नमस्कार मंग करजा गुरुजी, आधी पासवर्ड टाका. का मुहूर्त पाहून राहिले?"

माझ्या चाचण्यांवर त्यांची बारीक नजर असे. मी प्रश्न आणि योग्य उत्तर देऊन मोकळा होई. प्रत्येक चुकीच्या पर्यायाखालीही चार शब्द लिहिण्यासाठी जागा असते, हे त्यांनी मला दाखवले. "नुसता चूक म्हनाल त लेकरू दुसरा पर्याय दाबून पाहीन. काऊन चुकला ते लिवा ना." पस्तीस वर्षे मी चुकीवर केवळ रेघ ओढत आलो होतो. त्या जागा भरता भरता मला प्रथमच दिसले, की चुकणारा मुलगा बहुधा काहीतरी विचार करूनच चुकलेला असतो.

दर सोमवारी त्या आपली भूमिका बदलून विद्यार्थ्याच्या नजरेने प्रत्येक वर्ग उघडून पाहत. प्रणालीत तशी सोय होती. आमच्यापैकी कोणी ती वापरत नसे. "मास्तर होऊन पाहिलं त समदं दिसते," त्या म्हणत, "लेकरू होऊन पाहा, मंग समजते काय काय लपलं हाय." माझा संधिप्रकरणाचा पाठ तीन आठवडे विद्यार्थ्यांना दिसतच नव्हता, हे असेच उघडकीस आले. मी मात्र वर्गाला आळशी ठरवून बसलो होतो.

परंतु त्यांचा जीव होता चर्चेच्या मंचात. देवरीकडची मुले हमरस्त्यापर्यंत येऊन पाठ मोबाइलमध्ये उतरवून घेत, घरी नेटवर्कवाचून अभ्यास करीत, आणि पुढच्या खेपेस शंका पाठवत. शंका संगणकाची असो वा संस्कृतची, नापास झाल्याचे घरी कळवायचे कसे याची असो वा परीक्षेच्या भयाची, बाई प्रत्येक शंकेला उत्तर देत. दुखणे उसळले की उत्तर आखूड होई, पण येई. चार वर्षांत तो मंच वर्गापेक्षा मोठा झाला.

मग संस्थेने नवी, विकतची व्यवस्था आणण्याचे ठरवले. जुना संगणक पुसून टाकायचा होता. बाई तेव्हा गोंदियाला दवाखान्यात होत्या. त्यांचा फोन आला. "गुरुजी, नकल काढून ठेवजा. पाठ त तुमी पुन्ना लिवान. माया मंच तेवढा वाचवा." कोठे काय दाबायचे, हे त्यांनी धापा टाकत सांगितले, आणि मी ते वहीत उतरवून घेतले.

प्रत काढताना पडद्यावर चौकटींची ओळ आली. सर्वांत वरची चौकट विद्यार्थ्यांची नावे व नोंदी सोबत घेण्याविषयी होती. तिच्यात खूण आधीच होती. परक्या लेकरांची नावे, गुण आणि गाऱ्हाणी पेन ड्राइव्हमध्ये घालून आपल्या घरी न्यावीत, हे मला अधर्म्य वाटले. मी ती खूण काढली. माणूस वगळला की त्याने लिहिलेलेही वगळले जाते, हे मला ठाऊक नव्हते. बाईंना विचारावे, हे सुचले नाही. योग्य तेच करीत आहोत, असे वाटत असताना कोण कोणाला विचारतो? आठवड्याने सुनेच्या लॅपटॉपवर ती प्रत उघडली. पाठ होते, चाचण्या होत्या. मंचावर एकच ओळ होती: येथे अद्याप कोणतीही चर्चा नाही. तोवर जुना संगणक पुसला गेला होता.

मी गोंदियाला गेलो. बाई खाटेवर उशाला टेकून बसल्या होत्या. हाताला सलाईन होते. "आलं का समदं?" मी म्हणालो, "आले." असत्य किती सहज निघाले, याचे मला त्या क्षणीही नवल वाटले.

"मंग एखादं वाचून दाखवा ना जी."

मी खिशातून मोबाइल काढला आणि कोऱ्या पडद्याकडे पाहत, स्मरणाने, परीक्षेला भ्यालेल्या एका मुलीला त्यांनी लिहिलेले उत्तर म्हणू लागलो. तीन-चार वाक्ये झाली. बाई डोळे मिटून ऐकत होत्या.

"हे माया लिवलेलं नोहे," त्या म्हणाल्या. "मी इतका सुद्ध नाई लिवत."

मी मोबाइल खाली ठेवला.

"किती गेले?"

"सगळे."

त्यांनी का, कसे, काहीच विचारले नाही. मग म्हणाल्या, "त्या पोरीले मी लिवलो होतो, पेपराच्या आधी भात खाऊन जाजो. बस, एवढाच." उशी सारून आडव्या होत म्हणाल्या, "गाडीचा टाइम झाला गुरुजी. निघा."

मी निघालो. स्थानकावर आमगावची गाडी समोरून गेली, आणि मी बाकावरून उठलो नाही. पुढच्या आठवड्यात बाई दवाखान्यातच गेल्या. क्षमा मागण्यासाठी मी वाक्ये जुळवत होतो. ती अजून नीट जुळलेली नव्हती.